यार्डात, तुमच्या जागेवर

बसायला येणारं प्रत्येक माणूस तुमच्या पायापासूनच सुरुवात करतं. "पाय गेला तवाच सदाभाऊचा निम्मा जीव गेला व्हता," असं म्हणतात, आणि मग माझ्याकडं वळून म्हणतात, "पर तू खंबीर बाई. संसार तू वर काढलास." मी पदर तोंडाला लावून खाली बघते. त्यांना वाटतं मी रडतेय. रडू येत नाही, अहो. लाज वाटते.

तुम्ही गेलात ते तापानं आणि छातीतल्या कफानं. पायाचा त्यात काही संबंध नव्हता. सुरुवातीला मी तसं दोघातिघांना सांगून बघितलं, पण लोकांना पायच हवा असतो. मग सोडून दिलं. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचंय, आणि ते त्यांच्यासमोर बोलता येण्यासारखं नाही. सातवीपर्यंतची शाळा झालीय, तेवढ्यावर लिहितेय.

तुम्ही रावेतचे, मी तळवड्याची. लग्न ठरलं तेव्हा माहेरी कुणीतरी सांगितलं, मुलगा पिंपरीला खलाशी आहे. मी मैत्रिणींना सांगून बसले की माझा नवरा बोटीवर असतो. इथं आल्यावर कळलं, खलाशी म्हणजे यार्डातला जड माल चेनपुलीनं उचलून जागेवर बसवणारा माणूस. तुम्ही केवढे हसला होतात. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. त्यांना लागणारे सिमेंटचे पाइप, लोखंडी गर्डर, सळया, फरशा, सगळं आपल्या ठेकेदाराच्या यार्डात येऊन पडायचं. संध्याकाळी तुम्ही घरी यायचात ते हाताला ग्रीसचा वास घेऊन, आणि जेवताना त्या लोखंडाबद्दल असं बोलायचात जसं माझे वडील बैलांबद्दल बोलायचे. "आज एक गर्डर लई अडून बसला व्हता," म्हणायचात. "गोडीत घेतला, तवा हालला."

मी ऐकायचे आणि वाढायचे. त्या काळात माझं बोलणं एवढंच होतं, की आणखी भाकरी हवी का. नळावर गेले तरी हळू आवाजात बोलायचे. शेजारीण म्हणायची, तुझा आवाज कधी ऐकलाच नाही.

तो दिवस मला सगळा आठवत नाही, तुकडेच आठवतात. यार्डातली दोन माणसं वस्तीत पळत आली. एकानं सांगितलं, सदाभाऊच्या पायावर पाइप आलाय. मी पोचले तेव्हा पाइप बाजूला केला होता आणि तुम्हाला ट्रकमध्ये गोणपाटावर झोपवलं होतं. पायाकडं मी बघितलं नाही. तुम्ही मला म्हणालात, "शोभीला कुणाजवळ ठेवलीस?" आपली शोभा तेव्हा नुकती चालायला लागली होती. मी तिला नळावर तशीच सोडून आले होते. मी खोटंच सांगितलं, शेजारी ठेवलीय. मग पुण्याचा मोठा दवाखाना, आणि गुडघ्याखाली डावा पाय काढून टाकला.

यार्डात पाइप एकावर एक रचतात. सगळ्यात खालच्या पाइपांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात, म्हणून ती थप्पी जागेवर राहते. त्या दिवशी पाचरी नव्हत्या. तुम्ही खाली वाकून साखळी घालत होतात आणि वरचा पाइप निसटला. सगळे म्हणाले, पाचरी सदाभाऊनंच काढल्या, घाई केली. मीही तेच खरं मानलं. तुमच्या उशाशी बसून मनातल्या मनात तुमच्यावर चिडत होते. इतका जाणता माणूस, आणि असं कसं केलं?

दवाखान्यात एका दुपारी मी खालून चहा घेऊन वर आले, तर ठेकेदार आणि हातात कागद घेतलेले एक चष्मेवाले साहेब वॉर्डातून बाहेर पडत होते. ठेकेदार थांबला, हात जोडून म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. सदाभाऊ आमच्या घरचा माणूस. तुम्ही सोमवारपासून यार्डात या." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही. तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपला होतात. मी सांगितलं, असं असं म्हणालेत. तुम्ही एवढंच म्हणालात, "जा. घरात बसून काय व्हनार हाय?"

मी गेले. तुमच्या जागेवर म्हणायचं, पण तुमचं काम बाईला कोण देणार? डोक्यावर चुंबळ आणि विटा, खडीची घमेली, दोघींत मिळून एक फरशी. मुकादम हजेरीला नाव घ्यायचा नाही, "सदाभाऊची" म्हणून हाक मारायचा. पहिले काही दिवस त्या पाइपांच्या थप्पीकडं मी पाठ करून चालायचे. मान अशी दुखायची की रात्री कूस बदलता यायची नाही. तुम्ही मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून माझी मान शेकायचात, कुबडी भिंतीला टेकवून, एका पायावर तोल सांभाळत.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मला ते काम आवडायला लागलं. कधी लागलं ते कळलं नाही. सकाळी पदर खोचून रस्त्याला लागलं की अंगात काहीतरी उठून उभं राहायचं. यार्डातल्या बायका तोंडाच्या फटकळ होत्या, दुपारी भाकरी सोडून बसल्या की मुकादमाची, ठेकेदाराची, आपापल्या नवऱ्यांची अशी नक्कल करायच्या की पोट दुखायचं हसून. मीही करायला लागले. टपरीवरचा चहा उभ्यानं, कुणी वाढण्याची वाट न बघता पिणं, हेसुद्धा मला मोठं सुख वाटायचं. आणि आवाज! यार्डात ट्रक चालू असतात, लोखंड आपटत असतं, हळू बोलून भागत नाही. मी हाका मारायला लागले. पुढं ठेकेदारानं मला बायकांची मुकादमीण केलं ते त्या आवाजावरच. तळवड्याची ती मुकी पोरगी यार्डाच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या बाईला हाक मारायची, आणि ती हाक मला स्वतःलाच ऐकावीशी वाटायची.

आणि तुम्ही घरी. शोभीची वेणी घालायचात, निवडणं-टिपणं करायचात, भाकरी थापायचात. तुमची भाकरी माझ्यापेक्षा चांगली व्हायची. मी तसं बोलूनही दाखवायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "बसून थापतो म्हणून. तुमी बायका घाईत असता." पण रावेतहून तुमचा भाऊ आला की दारातून त्याची चाहूल लागताच तुम्ही परात माझ्याकडं सरकवायचात. मी कामावरून आलेली, पायाला सिमेंट तसंच, चुलीपुढं बसायचे आणि मीच थापतेय असं दाखवायचे. तुम्ही कॉटवर जाऊन मांडीवर चादर ओढून घ्यायचात. भाऊजी जेवायचे आणि म्हणायचे, वहिनींच्या हाताला चव आहे. आपण दोघं एकमेकांकडं बघायचो नाही. ते जेवण मला कधी गिळवलं नाही.

एक संध्याकाळ तुम्हाला आठवते का, मला माहीत नाही. मी हसतच घरी आले होते. हिरानं दुपारी काहीतरी केलं होतं, ते आठवून दारातसुद्धा हसू आवरत नव्हतं. हिरा म्हणजे माझ्या हाताखालची सगळ्यात लहान बाई, लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. दार ढकललं तर तुम्ही जमिनीवर बसून, पाय काढलेली मांडी पुढं पसरून, भाताचा करपलेला तळ खरवडत होतात. माझं हसू तिथंच थांबलं. तुम्ही वर बघितलंत. "हस की," म्हणालात. "थांबलीस कशाला?" मी म्हणाले, काही नाही, असंच. आणि हातपाय धुवायला मागं गेले. मागं जाऊन मी बराच वेळ तोंडावर पाणी मारत बसले. तुम्ही खरंच विचारलं होतंत, टोमणा नव्हता तो. एवढं तरी सांगायला हवं होतं की हिरानं काय केलं. तुम्हालाही हसू आलं असतं.

लाकडी पायावरून आपलं किती वाजायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, माप द्या, बसवून घ्या, चालता येईल. मी हात धुऊन मागं लागले. तुम्ही म्हणायचात, नको. मी म्हणायचे, नुसता हट्ट आहे. तुम्ही म्हणायचात, "पाय आला की लोक म्हनतील, आता कामाला जा." मी म्हणायचे, मग जा की. यावर तुम्ही गप्प. मला वाटायचं, माणूस आळसावलाय. त्या गप्प बसण्याच्या आत काय होतं ते मी विचारलं नाही. तुम्ही त्या यार्डाच्या रस्त्यालासुद्धा कधी वळत नव्हतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दळण आणायला लांबच्या गल्लीनं जायचात, कुबडीवर.

मग हिराचा हात गेला.

सळयांचा ट्रक खाली करायचा होता. सळया उतरवायला ट्रकला तिरक्या फळ्या लावायच्या असतात, म्हणजे माल घसरत खाली येतो. फळ्या दुसऱ्या साइटवर गेल्या होत्या. ठेकेदार म्हणाला, थांबायला वेळ नाही, तशाच ओढा. बायकांनी टोकं धरून ओढायची. एक जुडी अडली, हिरानं हात घातला, आणि सगळी जुडी तिच्या पंजावर आली. ट्रकच्या मागचा फाळका आणि सळया यांच्यामध्ये हात. ती ओरडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, जणू मी काहीतरी करू शकते. तीन बोटं तिथंच गेली.

संध्याकाळी ठेकेदारानं मला ऑफिसात बोलावलं. म्हणाला, "उद्या सरकारी साहेब येतील चौकशीला. मुकादमीण तू हायेस. सांग, नको म्हणत असताना पोरीनं हात घातला. तिच्या दवाखान्याचं मी बघतो. तुझंबी बघतो."

मी घरी आले ती पेटून. तुम्ही भाकरी थापत होतात. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, मी असं बोलणार नाही. तुम्ही हातातली भाकरी थापून पुरी केलीत. मग म्हणालात, "बोल. न्हाईतर काम जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हनायला सोपं हाय. तू त्या कामावर... तुला ते काम..." तुम्ही वाक्य पुरं केलं नाहीत.

आणि मी म्हणाले, "तुम्ही घरात बसून भाकऱ्या थापता, तुम्हाला काय कळणार? तुमचा पाय तुमच्या चुकीनं गेला. हिराची काही चूक नव्हती."

शोभी कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. तिनं मान वर केली. तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत, पाणी फिरवलंत, उलटलीत, नीट फुगू दिलीत. मला वाढलीत. मी जेवले. मी तेव्हा जेवू शकले, हे मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. यार्डाच्या मधोमध खुर्ची टाकली होती. ठेकेदार उभा, बायका एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. मला पुढं बोलावलं आणि मी तोंड उघडणार, तोवर फाटकाकडं सगळ्यांच्या माना वळल्या. तुम्ही येत होतात. कुबड्या खडीत रुतत होत्या, तुम्ही त्या उपसून पुढं टाकत होतात. कुणी धरायला गेलं, तुम्ही मानेनंच नको म्हणालात. नेहमी मांडीवर असायची ती चादर नव्हती. पायजम्याची एक बाजू वर खोचलेली, गुडघ्याखालचा तो गोळा उघडा. घरातसुद्धा तुम्ही तो कधी उघडा ठेवला नव्हतात.

"साहेब, आदी माझं ऐका," तुम्ही म्हणालात. "माझा पाय इथंच गेला. तवा मी चूक माझी हाय म्हनून सांगितलं. ते खोटं व्हतं. पाचरी मी न्हाई काढल्या. या मालकांनी सकाळीच दुसऱ्या कामाला न्हेल्या. मी म्हनलो व्हतो, थप्पी मोकळी हाय, हात लावाया नको. म्हनले, दुपारच्या आत उचल. दवाखान्यात मला म्हनले, चूक तुझी म्हन, बायकोला कामाला घेतो. मी म्हनलो."

साहेब म्हणाले, "तेव्हा खोटं बोललात म्हणता. मग आता खरं बोलताय कशावरून?"

"आता मला काय मिळायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. "व्हतं ते जाईल."

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. एकदाही नाही. मी तिथं उभी होते, तुमच्यापासून दोन हातांवर, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी ज्या माणसाच्या पाया पडले होते तो समोर उभा आहे. आणि ही हजेरी, हा चहा, हे हसणं, हा माझा आवाज, हे सगळं तुम्ही भिंतीकडं तोंड करून मला मिळवून दिलं होतं. आणि मी काल रात्री तुम्हाला काय बोलले होते.

मग मी बोलले. फळ्या नव्हत्या, ओढायला सांगितलं, थांबू दिलं नाही, सगळं. माझ्यामागं बाकीच्या बायका एकेक करून बोलल्या. हिराला भरपाई मिळाली, उशिरा का होईना, आणि पुढं त्या यार्डात फळ्या लावल्याशिवाय ट्रक खाली झाला नाही असं ऐकते. तुमच्या पायाचं काही झालं नाही. साहेब म्हणाले, जुनं प्रकरण तुमच्याच जबानीवर मिटलंय. माझी मुकादमी त्याच आठवड्यात गेली, आणि थोड्या दिवसांनी कामही गेलं. मी भोसरीच्या यार्डात पुन्हा घमेल्यापासून सुरुवात केली.

पण वस्तीनं तुम्हाला सोडलं नाही. "बायकोच्या कामापायी पाय विकला," असं दुकानाच्या कट्ट्यावर बोलायचे, तुम्ही ऐकाल एवढ्या आवाजात. जे लोक आज येऊन हळहळतात त्यातलेही काही त्यात होते. तुम्ही कट्ट्यावर बसायचं बंद केलंत. मी एकदा भांडायला निघाले तर तुम्ही म्हणालात, "कुनाकुनाचं तोंड धरशील?"

साहेब येऊन गेले त्या दिवशी यार्डातून आपण दोघं बरोबर घरी आलो. रस्ता तोच, रोजचा, पण तुमच्या चालीनं. मी तुमच्या शेजारून चालत होते आणि शब्द जुळवत होते. काल मी जे बोलले, त्याबद्दल. निम्मा रस्ता झाल्यावर तुम्ही म्हणालात, "कालवन झाकलंय का बगायचं ऱ्हायलं. मांजर येतं." मी म्हणाले, मी पुढं होऊन बघते. आणि पुढं निघून आले. कालवण झाकलेलं होतं. तुम्ही घरी पोचलात तेव्हा मी पाणी दिलं, आणि बोलायचं होतं ते तसंच राहिलं. त्यानंतर इतकी वर्षं राहिलं. शोभी मॅट्रिकच्या जवळ आली. तुम्ही माझी मान शेकत राहिलात.

मी का बोलले नाही, ते मला या चार दिवसांत कळलंय. माफी मागायची तर नुसत्या त्या एका वाक्याची मागून भागलं नसतं. दुसरंही सांगावं लागलं असतं.

परवा विहारात वंदना झाल्यावर कुणीतरी म्हणालं, ताई, दोन शब्द बोला. मी उभी राहिले. भोसरीच्या यार्डात आता पुन्हा माझ्या हाताखाली बायका आहेत, त्या सगळ्या आल्या होत्या. हिराही आली होती, पोरगं कडेवर घेऊन. सगळ्या वाट बघत होत्या. मी म्हणाले, "माणूस गरीब होता. कुणाचं वाईट केलं नाही," आणि खाली बसले.

बोलायचं होतं ते हे. तुमचा पाय गेल्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. तुम्ही घरात एका पायावर उभे राहून आधण ठेवत होतात तेव्हा मी यार्डात सुखात होते. तुम्हाला ते कळलं होतं, असं मला आता वाटतं. "तुला ते काम..." म्हणून तुम्ही थांबलात, तेव्हा तुम्ही माझ्यासाठीच मला गप्प बसायला सांगत होतात. भीती तुम्हाला स्वतःसाठी नव्हती. मी सुखात आहे हे बघून तुम्हाला काय वाटत होतं, राग यायचा की बरं वाटायचं, एवढं विचारायला मला धीर झाला नाही. ती वर्षं परत करून तुमचा पाय मिळत असता, तर मी लगेच हो म्हणाले असते का? इथं बसून मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते. लगेच उत्तर येत नाही. याचीच मला लाज वाटते.

आलेल्या बायका सांगतायत, महिनाभर तरी घरात बस, लोक काय म्हणतील. मी उद्यापासून कामावर जातेय. शोभीला सांगितलंय, पोटासाठी जावं लागतं. तिला ते पटलं. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मला जायचंय, अहो.